केमोनंतरचा ताप: रिपोर्टच्या आधीच अँटीबायोटिक कशाला?

प्रश्न: आईला ब्रेस्ट कॅन्सर आहे. दुसऱ्या केमोनंतर नवव्या दिवशी रात्री 101 ताप आला, बाकी खोकला नाही, लघवीला जळजळ नाही, काहीच नाही. तरी अ‍ॅडमिट करून लगेच सलाइनमधून भारीतलं अँटीबायोटिक सुरू केलं आणि नंतर म्हणाले कल्चरमध्ये, म्हणजे रक्तातले जंतू शोधायच्या तपासणीत, काही आलं नाही. मग दिलं कशाला? पुढच्या वेळी क्रोसिन देऊन सकाळपर्यंत थांबलं तर चालेल का?

उत्तर: नाही, अजिबात थांबू नका. केमोनंतर साधारण 7 ते 14 दिवसांत पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात, त्यातल्या न्यूट्रोफिल 500 च्या खाली गेल्या की इन्फेक्शन असूनही खूप वेळा दिसतच नाही. पू होतो तोच मुळात या पेशींचा, न्यूमोनिया असला तरी सुरुवातीला एक्सरे साफ येऊ शकतो, म्हणजे हातात लक्षण उरतं एकच, ताप, आणि तोच तुम्ही क्रोसिनने दाबणार! बरं जंतू बाहेरूनच येतात असंही नाही, केमोने आतड्याचं अस्तर सोलवटलं की आपल्याच पोटातले ई. कोलाय, क्लेबसिएला रक्तात शिरतात आणि काही तासांत बीपी कोसळू शकतं. कल्चरचा पूर्ण रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस जातात, म्हणून आधी कल्चरसाठी रक्त घ्यायचं आणि शक्यतो तासाभरात पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टमसारखं औषध सुरू करायचं, हीच जगभरची पद्धत आहे. कल्चर निगेटिव्ह येणं तर नेहमीचंच, त्यावरून औषध फुकट गेलं असं होत नाही.

हां, एक गोष्ट मात्र जरूर विचारा. आपल्याकडे रेझिस्टन्स, म्हणजे जंतू औषधांना दाद न देणं, इतका वाढलाय की काही ठिकाणी थेट मेरोपेनेम हे आणखी वरचं अँटीबायोटिकच लावतात, कधी गरज असते, कधी नसते. त्यामुळे दोन-तीन दिवसांनी “रिपोर्टप्रमाणे औषध कमी करता येईल का” हे बिनधास्त विचारा, चांगले डॉक्टर रागावत नाहीत.

घरी थर्मामीटर ठेवा. 100.4 किंवा वर गेला तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा, कॅज्युअल्टीत पहिलं वाक्य “केमो चालू आहे” हेच, नाहीतर व्हायरल समजून बसवून ठेवतील. घरात उरलेली अ‍ॅझिथ्रोमायसिन देऊ नका, कल्चर बिघडतं. ताप नसेल पण थंडी वाजून आली, धाप लागली किंवा आई गुंगीत वाटली तरीही न्या. आणि पुढच्या केमोआधी काउंट (पांढऱ्या पेशी) वाढवायच्या इंजेक्शनबद्दल विचारा, सगळ्यांना लागतं असं नाही, पण एकदा असा ताप येऊन गेला की डॉक्टर बहुधा ते देतात किंवा केमोचा डोस कमी करतात.