साताऱ्याकडं जुन्या पद्धतीची आमराई करायला रायवळ आंब्याची रोपं कुठल्या नर्सरीत मिळतील?

नर्सरीत जाऊच नका. तुम्ही लिहिलंय दीड एकर आहे, केशरची बुटकी कलमं नकोत, आजोबांच्या काळातल्यासारखी मोठी झाडं पाहिजेत. अशी झाडं विकत मिळत नाहीत ओ. 'गावठी' म्हणून जे गळ्यात मारतात ते कलम न बांधलेलं खुंटाचं रोप असतं (खुंट म्हणजे ज्याच्यावर कलम बांधतात ते कोयीचं झाड), कुठल्या कोयीचं ते देणाऱ्यालाही सांगता येत नाही. मी 10 आणलेली, नऊ वर्षं पाणी घातलं, दोन बरी निघाली, बाकीच्यांच्या कैऱ्या लोणच्यालाही कोण नेत नाही.

आणि कोय लावली की तोच आंबा येतो हाही गैरसमज. आपल्याकडच्या आंब्याची कोय आईवर जाईलच असं नाही, बहुतेक वेळा जात नाहीच. तोच आंबा पाहिजे तर त्याच झाडाची काडी आणून कलम करायचं, दुसरा रस्ता नाही. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही, दादाच्या कृपेनं शिकलोय.

आमचं गाव पाटण तालुक्यात. बांधावर पाच आंबे होते, शेप्या, गोटी, दोन साखऱ्या आणि खोबऱ्या. खोबऱ्याची कैरी नुसती मीठ लावून खायची, खोबऱ्यासारखी कुरकुरीत, आणि आढीत घातला की सगळ्यात शेवटी पिकायचा, बेंदूर जवळ आला तरी माळ्यावर वास असायचा. वाटण्या झाल्या आणि तो बांध थोरल्या दादाकडं गेला. मी म्हटलं, झाड ठेव, फळ दोघांत. तर म्हणाला, "आरं, आंब्यानं काय सोसायटीचं कर्ज फिटतंय व्हय? सावलीत चार सरी ऊस पिवळा पडतोय." 2011 च्या मार्चमधली गोष्ट, झाडावर सुपारीएवढ्या कैऱ्या होत्या, आणि मला निरोप मिळाला तेव्हा करवतवाले गावात आलेले. आंब्याचं झाड तोडायला परवानगी लागते, 1964 चा कायदा आहे, पण ते त्याला सांगणार कोण.

पुण्याहून रात्रीच्या एसटीनं आलो, पहाटे बॅटरीच्या उजेडात आडव्या पडलेल्या खोबऱ्याच्या काड्या कापल्या, ओल्या पोत्यात गुंडाळल्या आणि कराडकडच्या एका म्हाताऱ्या कलमवाल्याकडं गेलो. तो बघूनच हसला. निम्म्या काड्या मोहर आलेल्या, त्या चालत नाहीत. काडी पेन्सिलीएवढी, तीन-चार महिन्यांची, मोहर न आलेल्या शेंड्याची लागते, आणि आठ-दहा दिवस आधी देठ ठेवून पानं कापायची म्हणजे डोळा फुगतो. माझ्याकडं आठ दिवस कुठले? वर मार्चचं ऊन. 40 पाचर कलमं बांधली (खुंट चिरून त्यात काडी पाचरीसारखी बसवायची), सात जगली. तीच सात आज माझी आमराई.

तर तुम्ही काय करा, दोन उन्हाळे नुसते फिरा. वाई, पाटण, शिराळा, जिथं बांधावर जुनं झाड दिसेल तिथं थांबा, पाडाचा, म्हणजे झाडावर पिकलेला आंबा खा, घरातल्या म्हातारीला विचारा (म्हाताऱ्याला नको, लोणचं कुठल्या झाडाचं टिकतं ते बाईमाणसालाच माहीत असतं). शेंदरी फडक्याची खूण बांधा. कोयी जूनमध्ये थेट जागेवरच लावा, वाळवून ठेवल्या तर उगवत नाहीत, एका आळ्यात तीन लावून एक जोमाचा ठेवा आणि पुढच्या पावसाळ्यात तांबूस पालवी फुटली की त्याच्यावर कलम बांधा. पिशवीत सोटमूळ गुंडाळतं, जागेवर ते सरळ खाली जातं. अंतर 40 फूट, एकरी 27 झाडं. लोक हसतील, हसू द्या.

केशर जातीनं बुटका असतो हेही खरं नाही, खाली खुंट गावठी कोयीचाच असतो. बुटका ठेवतात तो छाटणीनं आणि कल्टार या वाढ रोखणाऱ्या औषधानं. दादाच्या उसाला हुमणी (मुळं खाणारी अळी) लागली, मग त्यानं तिथं 14 फुटावर केशर लावला आणि मला शिकवतो की आंबा असा करायचा असतो.

हां, राहिलंच. बांधाला खेटून लावू नका, शेजाऱ्याच्या पिकावर सावली पडली की कोर्टापर्यंत जातं. पहिले तीन उन्हाळे पाणी लागतंच. कलमाला चार-पाच वर्षांनी फळ धरा, आणि रायवळाला बाजारात भाव नाही, धाग्याचा असतो, लवकर उतरतो. पैशासाठी करत असाल तर दादाचं ऐका, मी चिडणार नाही.

परवा मे मध्ये त्याचाच फोन, "खोबऱ्याला पाड लागला का रं?" म्हटलं लागलाय. दोन कॅरेट घेऊन गेला, केशरच्याच कॅरेटात. तुम्हाला खोबऱ्याच्या काड्या पाहिजे असतील तर आषाढात या, पण आधी दहा दिवस कळवा, पानं कापून ठेवावी लागतात.