मांडीची सोनोग्राफी: 2 मिलिमीटरवर किती विसंबायचं?

एसीएलच्या (गुडघ्यातल्या अस्थिबंधाच्या) ऑपरेशननंतर सहा आठवडे नेमाने व्यायाम करूनही मांडीच्या स्नायूची जाडी 34 वरून 32 मिलिमीटर झाली, म्हणजे स्नायू आणखी झडला का, असं तुम्ही विचारलंय. पहिलं माप ठाण्याला, दुसरं दादरला, हेही तुम्हीच लिहिलंय. मला तर घोळ तिथेच दिसतो.

सोनोग्राफीचं माप भरवशाचं असतं, पण मोजणारा तोच असेल तर. हात बदलला की फरक वाढतो. मी फिजिओ आहे. एकदा ओळखीच्या रेडिऑलॉजिस्टने गंमत म्हणून माझीच मांडी मोजली. भरपूर जेल लावून प्रोब (मशीनचा त्वचेवर धरायचा भाग) नुसता टेकवला तेव्हा एक आकडा आला. मग त्याने जरासा दाब दिला, आणि स्क्रीनवर रेक्टस फेमोरिस, म्हणजे मांडीचा पुढचा स्नायू, पोळीच्या गोळ्यासारखा चपटा झाला. तीन मिलिमीटर गायब! मी हललोही नव्हतो.

जागेचंही तसंच. कमरेच्या हाडाचं पुढचं टोक आणि गुडघ्याच्या वाटीची वरची कड, यांचा मध्य टेपने काढून पेनने खूण करायची. रेक्टस खाली निमुळता होत जातो, त्यामुळे खूण दोन सेंटिमीटर घसरली तरी आकडा बदलतो. प्रोब तिरपा धरला तर जाडी उगाच जास्त दिसते. तो सरळ असला की मांडीच्या हाडाची पांढरी रेघ ठळक उमटते. शिवाय लोकलमधून उभ्याने येऊन लगेच टेबलावर आडवं व्हायचं नाही. दहा-पंधरा मिनिटं पडून राहा. व्यायामानंतरही लगेच मोजू नका, स्नायू तात्पुरता फुगलेला असतो.

(फिजिओच दर वेळी का मोजत नाही? गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या 1994च्या कायद्यामुळे सोनोग्राफी मशीनला नोंदणी लागते, ते कुणीही आणून क्लिनिकमध्ये ठेवू शकत नाही.)

तेव्हा पुढचं माप या दोनपैकी एकाच सेंटरला, शक्यतो त्याच डॉक्टरांकडून घ्या. तीनदा मोजून सरासरी काढायला सांगा आणि वाटीपासून किती सेंटिमीटरवर मोजलं ते रिपोर्टवर लिहून घ्या. नुसत्या जाडीवरून ताकद कळत नाही, ती फिजिओकडून वेगळी तपासा.

दोन्ही रिपोर्टांत चांगल्या, म्हणजे ऑपरेशन न झालेल्या पायाचं माप आहे का? असेल तर इथे टाका. तोही 2 मिलिमीटरने 'झडलेला' निघाला, तर बदललाय तो मोजणारा हात.