ऑटोमोटिव्हमध्ये अजाइल खरंच चालतं, की नुसता देखावा?

हिंजवडीतल्या नव्या नोकरीत भिंतीवर स्क्रम बोर्ड (अजाइलचा, म्हणजे छोट्या टप्प्यांत काम पुरं करत जायच्या पद्धतीचा, कामाच्या कार्डांचा फळा) आणि प्रोजेक्ट प्लॅनमध्ये व्ही-मॉडेल, यातलं खरं कुठलं, असं तुम्ही विचारलंय. दोन्ही. डिझाइनच्या प्रत्येक पायरीला समोरची टेस्ट कुठली, एवढंच व्ही सांगतो. तो वर्षातून एकदाच पुरा करायचा असं कुठे लिहिलंय? आम्ही दर स्प्रिंटला, म्हणजे दर दोन-एक आठवड्यांच्या टप्प्याला, छोटा व्ही पुरा करतो.

आधीच्या कंपनीत मात्र मी इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगच्या टेस्टिंगला होते. गाडीच्या सुरक्षेच्या जोखमीत एएसआयएल-डी, म्हणजे त्याच्या वर पायरीच नाही. तिथे बँकिंगमधून एक साहेब आले, आम्हाला अजाइल शिकवायला. पहिल्याच मीटिंगमध्ये अजाइलचा २००१ चा जाहीरनामा स्क्रीनवर लावला आणि 'कागदपत्रांपेक्षा चालणारं सॉफ्टवेअर' यावर बोट ठेवून म्हणाले, ट्रेसेबिलिटी (कुठली रिक्वायरमेंट कुठल्या कोडात आणि कुठल्या टेस्टमध्ये, याची नोंद) रिलीजच्या आधी एकदम उरकू. उजवीकडच्या, म्हणजे कागदपत्रांसारख्या, गोष्टींनाही किंमत आहे, असं त्याच पानावर खाली लिहिलेलं असतं. मी ते मोठ्याने वाचलं. "मॅडम, तुमचा माइंडसेट वॉटरफॉलचा आहे." वॉटरफॉल म्हणजे एक टप्पा संपल्यावरच पुढचा, ही जुनी पद्धत. सगळे हसले.

मग कार्डं धडाधड 'डन'मध्ये जाऊ लागली. लॅपटॉपवर सिम्युलेशन चाललं की डन! एचआयएल बेंच (खरा कंट्रोलर जोडून बाकीची गाडी सिम्युलेट करणारा टेस्टचा सेटअप) एकच, तोही दुसऱ्या टीमबरोबर वाटून घेतलेला, त्यामुळे तिकडे कोणी फिरकेना. डेमोला व्हेलॉसिटीचा, म्हणजे दर स्प्रिंटला किती काम उरकलं याचा, आलेख मात्र छान चढता.

यथावकाश सुरक्षेची तपासणी करणारे असेसर आले. त्यांनी एकच सेफ्टी रिक्वायरमेंट उचलली: ड्रायव्हरने न मागता मोटरने टॉर्क (स्टिअरिंग फिरवणारा जोर) देऊ नये. ही कुठल्या टेस्टने तपासली, सॉफ्टवेअरच्या कुठल्या व्हर्जनवर? कोणी बोलेना. त्यानंतर अख्खी टीम शनिवार-रविवार कोड वाचून रिक्वायरमेंट लिहीत बसली, लग्न लागल्यावर पत्रिका छापाव्यात तशी. त्यातच कळलं की टॉर्क सेन्सर बिघडल्यावर असिस्ट, म्हणजे मोटरची मदत, किती मिलिसेकंदांत बंद करायचा, हे दोन मॉड्यूल्सनी वेगवेगळं धरलंय. रिलीज लांबलं. साहेब तोवर वरच्या पदावर दुसरीकडे गेले होते.

म्हणून सांगते, स्टँडअप उभ्याने की बसून यावर वेळ घालवू नका. मॅनेजरशी भांडायचंच तर बेंचसाठी भांडा. रोजचा बिल्ड रात्री आपोआप बेंचवर चालला पाहिजे. रिक्वायरमेंटपासून टेस्टपर्यंतची लिंक, रिव्ह्यू आणि मिसरा (सी भाषेत सुरक्षित कोड लिहिण्याचे नियम) तपासणी झाल्याशिवाय कार्ड हलवू देऊ नका. बदल आला तर इम्पॅक्ट अॅनालिसिस, म्हणजे त्याचा कशाकशावर परिणाम होतो ते बघणं, त्याच स्प्रिंटमध्ये. हार्डवेअर दोन आठवड्यांत येत नसतं, ते ए, बी, सी सॅम्पलच्या (एकेक पायरी पक्क्या होत जाणाऱ्या नमुन्यांच्या) चालीनेच येणार. तेव्हा हार्डवेअर आणि सॉफ्टवेअरमधला इंटरफेस आधी गोठवा.

आणि कोणी 'माइंडसेट' काढलाच, तर आयएसओ २६२६२ च्या, म्हणजे गाड्यांच्या फंक्शनल सेफ्टीच्या मानकाच्या, २०१८ च्या आवृत्तीचा सॉफ्टवेअरवरचा सहावा भाग उघडून द्या. अजाइलचं नाव घेऊन तिथे म्हटलंय की पद्धत वापरता येईल, पण तिच्या आडून सुरक्षेचे उपाय किंवा मूलभूत कागदपत्रं गाळता येणार नाहीत. तेव्हा हे पान माझ्या हाताशी असतं तर कोण हसलं असतं ते बघितलं असतं.

हां, तुम्ही इन्फोटेनमेंटला (गाडीतली स्क्रीन, गाणी, नकाशे) असाल तर यातलं बरंच सैल करता येतं. आणि कस्टमरशी करारच ठरलेल्या किमतीचा, गोठवलेल्या रिक्वायरमेंटचा असेल, तर बॅकलॉगचा, म्हणजे बाकी कामांच्या यादीचा, क्रम तुमच्या हातात नाही. प्रत्येक बदलाला चेंज रिक्वेस्ट लागणार, आणि ते भांडण सेल्सवाल्यांचं आहे.