शाळेतला व्यवसाय विषय खरंच शिकवतात की नुसता कागदावर आहे, हे पालकानं कसं ओळखावं?

तुमचा मुलगा यंदा नववीत जातोय, शाळेत 'मल्टिस्किल' (वेगवेगळ्या हातकामांची ओळख करून देणारा व्यवसाय विषय) घेता येतो, आणि त्याचा दर्जा कसा पारखायचा हे तुम्हाला कळत नाहीये. माझं हिंगणा एमआयडीसीत फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. शाळांची मुलं आमच्याकडे काम बघायला येतात, त्यांच्या शाळांतही मी जाऊन आलोय. त्यावरून सांगतो.

कोणत्या स्तरावर मुलाला काय करता आलं पाहिजे, हे राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखड्यात 2013 पासून ठरलेलं आहे. तो कागद चांगल्या शाळेत आणि वाईट शाळेत सारखाच असतो. म्हणून मी एवढंच बघतो, की साहित्य संपतं का?

एका शाळेत कपाट उघडलं, तर वेल्डिंग रॉडचं पाकीट सीलबंद. मल्टिमीटरच्या वायरी प्लॅस्टिकच्या पिशवीत तशाच. हॅकसॉच्या पात्याचा रंगसुद्धा उडालेला नाही. मुलांच्या वह्या मात्र पूर्ण, आकृत्या सुबक. त्यातल्याच एका दहावीच्या पोराला आमच्या वर्कशॉपमध्ये होल्डर, म्हणजे वेल्डिंग रॉड धरायचा चिमटा, हातात दिला. रॉड पत्र्याला चिकटला आणि तो घाबरून मागेच सरला. होल्डरला झटका देऊन रॉड सोडवायचा, करंट थोडा वाढवायचा, हे चार-दोन पाकिटं जाळल्याशिवाय हाताला येत नाही जी. पोराची काय चूक? दोन वर्षांत त्याला एक रॉड जाळू दिला नव्हता. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं.

पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम ही कामातून शिकवणारी संस्था काढली. तिथून शाळांत गेलेल्या मूलभूत तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमात आठवड्यातला एक दिवस मुलं हातानं काम करतात, आणि तेही गावाच्या उपयोगाचं. काम दुसऱ्याच्या घरी बसवायचं असलं की माप चुकवून चालत नाही. माझ्या मते दर्जा इथं तयार होतो.

शिकवणारे बहुतेक कंत्राटी असतात, तेव्हा निदेशक किती वर्षांपासून तोच आहे हे नक्की विचारा. साहित्याचं रजिस्टर दाखवा म्हणा. आणि जायचं ते प्रात्यक्षिकाच्या दिवशी जा, दहावीच्या एखाद्या मुलाला बाजूला घेऊन विचारा, यंदा तुझ्या हातून काय काय मोडलं?