रोजच्या बोलण्यातले इंग्रजी इडियम्स कसे शिकायचे, नुसती यादी पाठ करून जमेल का?

यादी पाठ करून नाही जमत, कारण यादीत सगळं एका मापाचं दिसतं आणि कुठलं खरंच वापरात आहे ते कळतच नाही. 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्स' (मुसळधार पाऊस पडणं) प्रत्येक पुस्तकात असतं पण रोजच्या बोलण्यात क्वचितच ऐकू येतं. त्यापेक्षा फिगर आउट, एंड अप, रन आउट ऑफ असले फ्रेजल व्हर्ब्स (क्रियापदाला आउट, अप असा छोटा शब्द जोडून वेगळाच अर्थ होतो ते) आधी घ्या, ते दर दोन मिनिटांनी कानावर पडतात.

कुठलाही वाक्प्रचार एकटा लिहू नका, ज्या वाक्यात ऐकला ते अख्खं वाक्य लिहा आणि कोण कोणाला म्हणालं तेही, कारण 'माय बॅड' (माझी चूक) मित्राला चालतं, ऑफिसच्या फॉर्मल ईमेलमध्ये विचित्र वाटतं. शब्दावरून अर्थ लावायला तर जाऊच नका, 'आय ॲम अप फॉर इट' आणि 'आय ॲम डाउन फॉर इट' दोन्हीचा अर्थ मी तयार आहे असाच होतो! आणि हो, मीटिंगमध्ये एखादा विषय 'टेबल' करणं म्हणजे ब्रिटनमध्ये चर्चेला घेणं, अमेरिकेत पुढे ढकलणं, त्यामुळे समोरचा कुठला आहे ते बघा.

बोलताना सुरुवातीला दोनचारच वापरा, पण बिनधास्त वापरा.