युरिक ॲसिडची गोळी सुरू केल्यावरच गाउट उसळला, गोळी बंद करू का?

नाही, स्वतःहून बंद करू नका. गाउट म्हणजे युरिक ॲसिडच्या स्फटिकांमुळे होणारी सांधेदुखी. ॲलोप्युरिनॉल (युरिक ॲसिड कमी करणारी गोळी) सुरू केल्यावर पहिले काही महिने सांधा पुन्हा ठणकू शकतो, कारण रक्तातलं युरिक ॲसिड उतरलं की सांध्यात वर्षानुवर्षं साचलेले स्फटिक विरघळून सुटू लागतात. म्हणजे औषध लागू पडतंय. म्हणूनच डॉक्टर सहसा १०० मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी डोसने सुरुवात करून तो हळूहळू वाढवतात आणि सोबत ३ ते ६ महिने कोल्चिसिनचा (गाउटची सूज आणि दुखणं रोखणाऱ्या औषधाचा) छोटा डोस देतात. तुम्हाला तो दिलाय का, हे आधी विचारा.

युरिक ॲसिड ६ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली आणून तिथंच ठेवायचं असतं. दुखणं थांबलं म्हणून गोळी सोडणं ही मला सर्वांत घातक चूक वाटते. स्फटिक पुन्हा साचतात. मात्र अंगावर पुरळ आलं तर गोळी लगेच थांबवून डॉक्टरांना गाठा.

बिअर, कलेजी, गोड शीतपेयं टाळा, वजन सावकाश उतरवा (कडक उपासाने उलट गाउटचा झटका येऊ शकतो). पण नुसत्या पथ्याने युरिक ॲसिड थोडंच उतरतं, त्यामुळे पथ्य मोडलं म्हणून स्वतःला दोष देऊ नका. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, तिने युरिक ॲसिड वाढतं.