सगळे राग बिलावल का झाले?

प्रश्न : मी उपयोजित कलेच्या अंतिम वर्षात शिकते आणि लहानपणापासून गाण्याच्या वर्गालाही जाते. म्हणून प्रकल्पासाठी मी हिंदुस्थानी गायनाला वाहिलेल्या ३२ पानी त्रैमासिकाची मांडणी केली. मुखपृष्ठ, अनुक्रमणिका, एक मुलाखत, काही लेख आणि यमन, काफी व भैरव या रागांतील तीन बंदिशींची स्वरलिपी असे त्याचे स्वरूप आहे. परीक्षकांना मुखपृष्ठ ‘रॉक मासिकासारखे’ वाटले. स्वरलिपीची पाने पाहून वर्गातल्या ताई हसल्या आणि म्हणाल्या, “अगं, तू तर सगळ्यांचाच बिलावल करून टाकलास!” आता मार्गदर्शक सरांना या प्रकल्पाविषयी १,५०० शब्दांचे चिंतन लिहून हवे आहे. पहिला खर्डा त्यांनी ‘यात तू काय केलेस ते कळत नाही’ असा शेरा मारून परत केला. चुका लिहिल्या तर गुण जातील आणि वगळल्या तर लिहिण्यासारखे फारसे उरत नाही. मी काय करावे? खर्डा आणि पानांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. – एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : ताईंचे ते वाक्य तुमच्या चिंतनाच्या पहिल्या ओळीत यायला हवे होते, खर्ड्यात ते कुठेच नाही. त्याऐवजी ‘वेळेचे नियोजन’, ‘सर्जनशीलता’ आणि ‘खूप काही शिकायला मिळाले’ हे शब्द आहेत, जे कुठल्याही प्रकल्पाच्या शेवटी डकवता येतील. सरांचा शेरा रास्त आहे.

बिलावल कसा झाला, ते तुमच्या पानांवरून उघड दिसते. काफीतील कोमल (म्हणजे नेहमीपेक्षा उतरलेले) गंधार व निषाद आणि भैरवातील कोमल ऋषभ व धैवत तुम्ही शब्दसंस्करणाच्या फाइलमध्ये ‘अधोरेखित’ करून दाखवले होते, तर यमनाच्या तीव्र (म्हणजे चढ्या) मध्यमावरची उभी रेघ वेगळी आकृती म्हणून काढली होती. मजकूर मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये चिकटवताना अधोरेखन गळाले आणि उभ्या रेघा मूळ फाइलमध्येच राहिल्या. स्वरलिपीच्या भातखंडे पद्धतीत कोमल स्वराची ओळख त्याच्या खालच्या आडव्या रेघेने आणि तीव्र मध्यमाची ओळख वरच्या उभ्या रेघेने पटते. ती चिन्हे गेली की उरतात ते सात शुद्ध स्वर, म्हणजे बिलावल थाट. ताईंनी ही चूक गाऊन पकडली असणार, कारण नुसत्या नजरेला पान नीटनेटकेच दिसते.

यावरचा उपाय साधा आहे. युनिकोडच्या देवनागरी विभागात वैदिक स्वरांसाठीची दोन चिन्हे आहेत, एक अक्षराखालची आडवी रेघ आणि दुसरे अक्षरावरची उभी रेघ. ती वापरली की ग॒ आणि म॑ ही अक्षरे चिन्हासकट टंकलिखित होतात. मग रेघ हा मजकुराचाच भाग असतो आणि चिकटवताना गळत नाही. फाँट मात्र आधी तपासून घ्यावा लागतो, कारण नि॒ किंवा रे॒ यांच्यासारख्या वेलांटी किंवा मात्रा असलेल्या अक्षरांखाली रेघ नेमकी कुठे बसते ते प्रत्येक फाँटमध्ये वेगळे असते. मंद्र म्हणजे खालच्या सप्तकासाठी अक्षराखालचे टिंब (नुक्ता) आणि तार म्हणजे वरच्या सप्तकासाठी अनुस्वार (‘सां’) वापरण्याची सोय पुष्कळ जण करतात आणि ती चालूनही जाते. पण मंद्र कोमल निषादाखाली टिंब, रेघ आणि एका मात्रेत बसणारे स्वर बांधणारी चंद्रकोर अशी तीन चिन्हे एकावर एक आली की, लेखांसाठी ठरवलेले दोन ओळींतील अंतर पुरत नाही. तुमच्या भैरवाच्या पानावर चंद्रकोरी खालच्या ओळीतील तार षड्जाच्या टिंबाला टेकल्या आहेत, त्या यामुळेच.

दुसरी अडचण स्तंभांची आहे आणि मला ती सर्वांत रंजक वाटते. सगळ्या अंकासाठी तुम्ही तीन स्तंभांचा साचा घेतला. ए-४ पानाची रुंदी २१० मिलिमीटर असते. दोन्ही बाजूंना १५ मिलिमीटरचे समास आणि स्तंभांमध्ये ५ मिलिमीटरची दोन अंतरे सोडली, तर एक स्तंभ साधारण ५७ मिलिमीटरचा होतो. त्रितालाच्या १६ मात्रा त्यात कोंबल्या की एका मात्रेच्या वाट्याला जेमतेम साडेतीन मिलिमीटर येतात, आणि १२ पॉइंटचा ‘सा’ एवढ्यात मावत नाही. तो मावेना, म्हणून तुम्ही ओळ आठ मात्रांवर तोडलीत आणि आवर्तनाचा, म्हणजे तालाच्या एका पूर्ण फेरीचा, आकारच डोळ्यांपुढून नाहीसा झाला. पानाची पूर्ण रुंदी घेतली असती तर प्रत्येक मात्रेला ११ मिलिमीटरहून थोडी अधिक जागा मिळाली असती. त्रितालाचे ४-४-४-४ असे विभाग, झपतालाचे २-३-२-३, रूपकाचे ३-२-२ हे आपल्याकडे आयते तयार असलेले साचे आहेत, आणि स्वरलिपीच्या पानाची मांडणी तालापासून सुरू करावी लागते. शिवाय तुमची यमनातील बंदिश खालीपासून, म्हणजे नवव्या मात्रेपासून उचललेली असताना समेची, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेची, फुली तुम्ही सवयीने पहिल्याच घरात ठेवलीत. त्यामुळे सम आठ मात्रा अलीकडे सरकली. तबलजी बिचारा काय करील!

हे पान कोण आणि कसे वाचतो, हाही विचार खर्ड्यात हवा. पेटीवर बसलेल्या माणसाचा एक हात भात्यावर आणि दुसरा पट्ट्यांवर असतो, अंक समोर जमिनीवर पडलेला असतो आणि डोळे पानापासून हातभर दूर असतात. काळ्या पार्श्वभूमीवरची ९ पॉइंटची करडी अक्षरे मुलाखतीत एकवेळ खपतील. बंदिशीच्या पानावर ती निरुपयोगी आहेत. मध्यभागी पिना मारलेला ३२ पानी अंक हात न लावता सपाट उघडा राहतो तो मधल्या जोडपानावर, म्हणजे १६ आणि १७ या पानांवर. तिथे तुम्ही जाहिरात टाकली आहे.

मुखपृष्ठाविषयी थोडक्यात. सगळी ठळक शीर्षके तुम्ही डावीकडच्या तृतीयांशात रचलीत, कारण अभ्यासक्रमात तसे शिकवतात. तो संकेत विक्रीच्या मांडणीतून आला आहे. अंक एकमेकांवर सरकवून ठेवले की प्रत्येकाची डावी पट्टीच दिसते. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या ‘संगीत कला विहार’सारखे नियतकालिक ज्या विद्यार्थ्यांच्या आणि शिक्षकांच्या हाती जाते, त्यांना ते गर्दीतून ओढून काढायचे नसते. तुमचा अंकही वर्गणीदारांसाठी आहे, असे तुम्हीच अनुक्रमणिकेखाली छापले आहे. नक्कल करायची तर कारणांसकट करावी : ‘रोलिंग स्टोन’ या अमेरिकी संगीतविषयक नियतकालिकाचा ९ नोव्हेंबर १९६७चा पहिला अंक गुळगुळीत कागदावर नव्हे, वृत्तपत्री कागदावर निघाला होता. दिसण्यातला तो साधेपणा खिशाला परवडण्यातून आला होता. डोळे मिटलेला, हात उंचावलेला गायक हे छायाचित्रही एकदा बदलून पाहा. आणि ते छायाचित्र इंटरनेटवरून घेतले असेल तर तसे चिंतनात लिहा. भारतीय कायद्यानुसार छायाचित्रावरील हक्क छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो, त्यामुळे महाविद्यालयाबाहेर अंक छापण्याचा विचार असेल तर परवानगीवाचून ते चालणार नाही.

गुणांची भीती मी समजू शकतो, पण परीक्षकांनी अंक पाहिलाच आहे. चूक लपवायला आता जागा उरलेली नाही. तिचे कारण सांगायला मात्र आहे. तुमच्या खर्ड्यातील वाक्य असे आहे : ‘स्वरलिपीची पाने करताना काही तांत्रिक अडचणी आल्या, परंतु त्यांतून मला तपशिलाचे महत्त्व कळले.’ ते असे लिहून पाहा : ‘कोमल स्वरांच्या रेघा मी अधोरेखनाने आणि तीव्र मध्यमाच्या वेगळ्या आकृतीने दिल्या होत्या, मजकूर हलवताना त्या गेल्या आणि छपाईपूर्वी मी एकही ओळ पेटीवर वाजवून पाहिली नाही, म्हणून तीन राग बिलावल होऊन छापले गेले.’ दुसऱ्या वाक्यात कृती आहे, कारण आहे आणि जे केले नाही तेही आहे. असे सहा-सात निर्णय निवडा, प्रत्येकाशेजारी जुन्या डमीचे छायाचित्र लावा आणि बंदिशीचे एक पान नव्याने करून जोडा. १,५०० शब्द कमीच पडतील.

प्रश्न : आमच्या चौघांच्या गटाने संगीतविषयक अंक काढला. माझ्याकडे फक्त मुद्रितशोधन होते. चिंतन प्रत्येकाने स्वतंत्र लिहायचे आहे. माझ्याजवळ लिहिण्यासारखे काय आहे? – एक विद्यार्थी, नाशिक

उत्तर : वरचे उत्तर वाचल्यावर ‘फक्त’ हा शब्द तुम्हीच खोडाल. संगीताच्या अंकात दोन प्रकारची मुद्रिते तपासावी लागतात. ‘षड्ज’चा ‘षडज’ झाला आहे का, हे नजरेने कळते. स्वरलिपी मात्र बोटांवर मोजून आणि गाऊनच तपासता येते. त्रितालाच्या प्रत्येक पूर्ण ओळीत १६ घरे आणि झपतालाच्या ओळीत १० घरे भरलीच पाहिजेत, आणि शब्द लांबवणाऱ्या अवग्रहाचेही (ऽ) एक घर धरावे लागते. आणखी एक सापळा असा की, ‘सां’वरील टिंब अनवधानाने उरलेला अनुस्वार समजून शुद्धलेखनाच्या भरात काढून टाकला, तर स्वर एक सप्तक खाली येतो. तुम्ही तसे कुठे केले असेल तर ते नोंदवा. खुणा केलेली मुद्रिते अजून जपून ठेवली असतील तर ती समोर घ्या, आणि ज्या ओळीत पंधराच मात्रा भरल्या होत्या त्या ओळीपासून लिहायला सुरुवात करा.